१५ मार्चच्या आधी : आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टमधली बजेट कपात

पाटीपेन्सिल :
नमस्कार मंडळी. काल रात्री बोर्ड मीटिंगवरून घरी यायला सव्वाअकरा झाले आणि नंतर झोपच लागेना म्हणून आज लिहायला बसलेय. आम्ही कॅलिफोर्नियात बे एरियात राहतो. स्कूल डिस्ट्रिक्टचं, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचं, नाव मुद्दाम देत नाहीये, पण इथल्या कुणालाही हे आपल्याच घरचं वाटेल कारण आजूबाजूला बहुतेक ठिकाणी हेच चालू आहे. माझी मोठी सातवीत आहे आणि धाकटा दुसरीत.

काल पडद्यावर कपातीची यादी दाखवली. प्राथमिक शाळांमधले लायब्ररीचे तास निम्मे, म्युझिक चौथीऐवजी पाचवीपासून, मिडल स्कूलला एक काउन्सेलर कमी, तिसरीपर्यंतच्या वर्गांत मुलं जास्त आणि वर्गात मदतीला ज्या पॅरा असतात त्यांच्या बऱ्याच जागा बंद. धाकट्याची टीचर नवीन आहे, दोनच वर्षं झालीत तिला. यादी सिनियॉरिटीने लागते, शेवटी लागलेला आधी जातो, त्यामुळे कमी केल्याचं पत्र येणार हे तिला माहितीये, आम्हा पालकांना माहितीये, फक्त वर्गातल्या मुलांना अजून माहीत नाही. सकाळी तिला ड्रॉप-ऑफला हसून गुड मॉर्निंग म्हणताना माझ्या पोटात कालवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कॅलिफोर्नियात पुढच्या वर्षी ज्या शिक्षकांना कमी करायचंय त्यांना १५ मार्चच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, पक्कं पत्र १५ मेच्या आत आणि डिस्ट्रिक्टचं बजेट ३० जूनच्या आत मंजूर व्हावं लागतं. पण गव्हर्नरचं सुधारित बजेट येतं मे महिन्यात! म्हणजे राज्याकडून किती येणार हे नीट कळायच्या आधीच कुणाला काढायचं ते ठरवावं लागतं, म्हणून मग डिस्ट्रिक्ट जास्तीची पत्रं पाठवून ठेवतो आणि मे मध्ये काही मागे घेतो. तोपर्यंत त्या बाईंनी दोन महिने जीव मुठीत धरून काढलेले असतात आणि हुशार असतील तर दुसरीकडे अर्ज करून गेलेल्याही असतात.

आता मुख्य मुद्दा ज्यासाठी धागा काढला. हॉल भरलेला होता, लोक भिंतीला टेकून उभे होते, आणि आपले देशी पालक मोजून चार. आमच्या शाळेत दर वर्गात सात-आठ तरी भारतीय मुलं आहेत. व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर याच विषयावर दोनशे मेसेज पडले होते. मग मीटिंगला का नाही कुणी?

सॅनहोजेचा_सदा :
आम्ही नाही जात कारण खरं सांगायचं तर विश्वासच बसत नाही. आमच्या इथे गेल्या वर्षी हायस्कूलला नवीन जिम झाली, पार्किंगवर सोलर लागलं, प्राथमिक शाळेला नवं कुंपण, आणि त्याच वर्षी म्हणतात टीचर ठेवायला पैसे नाहीत. पैसे नाहीत तर जिम कुठून आली?

पाटीपेन्सिल :
सदा, कालही तिघांनी हेच विचारलं. जिम, सोलर, कुंपण हे सगळं बॉन्डमधून येतं. बॉन्ड म्हणजे डिस्ट्रिक्टने काढलेलं कर्ज, तो मतदानाने मंजूर होतो आणि ते पैसे कायद्याने फक्त इमारतीवर, उपकरणांवरच खर्च करता येतात, पगारावर एक डॉलर टाकता येत नाही. आणि बॉन्डला २००० सालच्या प्रॉपोझिशन ३९ (मतदारांनी मंजूर केलेला कायदा) पासून ५५ टक्के मतं पुरतात, पण शिक्षकांच्या पगाराला चालेल असा पार्सल टॅक्स (दर मालमत्तेमागे लावलेला जादा कर) आणायचा तर डिस्ट्रिक्टला दोन तृतीयांश लागतात. म्हणून भिंती बांधणं सोपं आणि भिंतींच्या आत माणूस ठेवणं अवघड असं होऊन बसलंय.

निवांत_नाना :
मी १९ वर्षं एका डिस्ट्रिक्टच्या अकाउंट्समध्ये काम केलंय, आता निवृत्त आहे. थोडं मोठं लिहितो, सांभाळून घ्या.

मूळ गोष्ट १९७८ ची. प्रॉपोझिशन १३ आलं, घरपट्टी किमतीच्या १ टक्क्यावर बांधली गेली आणि घराची कागदावरची किंमत वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही असं ठरलं, घर विकलं की नवी किंमत लागते. म्हणून एकाच गल्लीत एकासारख्या एक दोन घरांत तुम्ही शेजारच्या आजींच्या दसपट टॅक्स भरत असाल. त्याआधी १९७१ मध्ये सेरानोच्या केसमध्ये कोर्टाने सांगितलं होतं की श्रीमंत गावाला भारी शाळा आणि गरीब गावाला फुटकी शाळा हे चालणार नाही. या दोन्हींमुळे शाळांच्या पैशाची किल्ली गावाकडून सॅक्रामेंटोकडे, म्हणजे राज्याच्या राजधानीकडे गेली. आता गावात घरं दोन मिलियनची झाली तरी बहुतेक डिस्ट्रिक्टना त्याचा फायदा नाही, कारण घरपट्टी वाढली की राज्य आपला वाटा तेवढा कमी करतं. पालो आल्टोसारखे काही डिस्ट्रिक्ट आहेत ज्यांची घरपट्टीच राज्याने ठरवलेल्या रकमेच्या वर जाते, त्यांना वरचे पैसे ठेवता येतात. म्हणून शेजारी शेजारी दोन गावं, एकाकडे आर्ट टीचर आहे आणि दुसऱ्याकडे पालक वर्गणी काढतायत.

राज्याचे पैसे येतात ते डोक्यावर, आणि तेही पटावर नव्हे, हजेरीवर. पट ५०० आणि रोज सरासरी ४७५ आले तर ४७५ चे पैसे. २०१३-१४ पासूनच्या सूत्रात गरीब घरातली, इंग्रजी शिकत असलेली आणि फॉस्टर (सरकारने दुसऱ्या घरी सांभाळायला दिलेली) मुलं असतील तर प्रत्येकामागे मूळ रकमेच्या २० टक्के जास्त आणि अशी मुलं ५५ टक्क्यांच्या वर गेली की आणखी. आपली वस्ती जिथे आहे त्या सबर्बना जवळजवळ नुसती मूळ रक्कम मिळते.

आता डोकी कमी होतायत. घरं परवडत नाहीत म्हणून तरुण जोडपी ट्रेसी, माउंटन हाउससारख्या लांबच्या गावांकडे गेली, जन्मदर उतरला, कोव्हिडमध्ये काही लोक राज्य सोडून गेले. क्युपर्टिनो युनियनसारख्या नावाजलेल्या डिस्ट्रिक्टने पट घसरला म्हणून २०२२ मध्ये रेग्नार्ट आणि मायरहोल्ट्झ या दोन शाळा बंद केल्या. मुलं शंभर कमी झाली तर ती एका शाळेतून, एका वर्गातून कमी होत नाहीत हो, दर वर्गात एखादं कमी होतं. वर्ग तेवढेच, टीचर तेवढीच, वीजबिल तेवढंच, पण शंभर मुलांचे पैसे गेले. यामुळेच वर्ग एकत्र करणं, शाळा बंद करणं हे विषय येतात.

आणि कोव्हिडचे केंद्राचे पैसे, तीन हप्त्यांत मिळून देशभर साधारण १९० बिलियन, ते सप्टेंबर २०२४ ला संपले. त्यातून ज्यांनी कायमची माणसं भरली, काउन्सेलर म्हणा, रीडिंग स्पेशालिस्ट म्हणा, त्यांच्यापुढे खड्डा आहे. माणसं घेतली ती चूक नव्हती, मुलांना गरज होतीच, पण एकदाच येणाऱ्या पैशावर दरवर्षीचा पगार उभा केला की हे होतं.

चिंचगूळ :
नाना, सूत्र समजलं पण मला हे अन्यायच वाटतं. आपण एवढा टॅक्स भरायचा आणि आपल्या मुलांना सगळ्यात कमी? दुसऱ्या डिस्ट्रिक्टला जास्त कशाला?

गुरुजींची_लेक :
चिंचगूळ, माझे वडील सातारा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत गुरुजी होते आणि मी इथे एका शाळेत पॅरा म्हणून काम करते, म्हणून दोन शब्द बोलते, राग मानू नका. ज्या मुलाच्या घरी इंग्रजी वाचून दाखवणारं कुणी नाही, आईबाप दोन दोन शिफ्ट करतात, त्याला शिकवायला जास्त माणसं लागतात. तुमच्या मुलाला तुम्ही संध्याकाळी गणित शिकवता, क्लास लावता, तो खर्च तुम्ही करता. त्या मुलाचा तो खर्च शाळेला करावा लागतो. तिथे जास्त देतात ते बरोबरच आहे, चुकतंय ते एवढंच की मूळ रक्कमच कुणालाही पुरत नाही. दोन भुकेल्यांनी एकमेकांच्या ताटाकडे बघण्यात अर्थ नाही.

हे सगळं वाचताना मला आमच्याकडची संचमान्यता आठवली. पट मोजायचा, मग शिक्षकांची किती पदं मंजूर ते ठरायचं, आणि एखादा गुरुजी 'अतिरिक्त' ठरायचा. तो शब्दच किती वाईट आहे बघा, वीस वर्षं शिकवलेल्या माणसाला अतिरिक्त म्हणायचं. बाबा जूनमध्ये वाडीवस्तीवर घरोघरी फिरून मुलं शाळेत आणायचे, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाची मुलं आजीजवळ ठेवा म्हणून हातापाया पडायचे, कारण एक मूल कमी झालं तर एक शिक्षक जायचा. आता तिकडे २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा करायचा विषय निघाला तेव्हा बाबा फोनवर म्हणाले, शाळा चार किलोमीटर लांब गेली की मुली घरी बसतात. इथे मुली घरी बसत नाहीत, पण चालत जायची शाळा बंद झाली की ज्या आईकडे गाडी नाही तिचं काय होतं ते मी रोज बघते.

पाटीपेन्सिल :
लेक, तुमची पोस्ट मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. तुमच्या जागेचं काय आहे सध्या?

गुरुजींची_लेक :
टांगणीवर आहे. १५ मार्चचा नियम आता आमच्यासारख्या शिक्षकेतर लोकांनाही लागतो, त्यामुळे कळेल लवकरच. माझ्याकडे दोन मुलं आहेत, एक बोलत नाही, चित्रांच्या कार्डांवरून मागतो काय हवं ते. ऑगस्टपासून आत्तापर्यंत तो सहा कार्डांवरून चाळीसवर आलाय. पगाराचं मी कसंही बघेन, पण नवीन माणसाबरोबर त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल त्याची काळजी जास्त वाटते.

ऋतूची_आई :
अशाच एका मुलाची मी आई आहे. हे वाचून रडले. आमच्या मुलीचा आयईपी (स्पेशल एज्युकेशनचा लेखी आराखडा) आहे आणि त्यात लिहिलेली मदत कायद्याने द्यावीच लागते, बजेट नाही हे कारण चालत नाही, हे सगळ्या पालकांनी लक्षात ठेवा आणि मीटिंगमध्ये काहीही लगेच सही करू नका, घरी आणून वाचा. पण कागदावर मदत असणं आणि ती देणारं माणूस वर्गात असणं यात फरक आहे. जागा रिकामी राहते, बदली माणूस येत नाही, आणि आपण पत्रं लिहीत बसतो.

अजून एक बोच आहे मनात. काही पालक उघड म्हणतात की स्पेशल एज्युकेशनवर फार खर्च होतो म्हणून आमच्या मुलांचं म्युझिक जातं. १९७५ ला जेव्हा केंद्राने हा कायदा केला तेव्हा जादा खर्चाचा ४० टक्के वाटा उचलू म्हणाले होते, पण नेहमीच्या वर्षांत त्याच्या निम्माही येत नाही. उरलेला भार डिस्ट्रिक्टच्या सर्वसाधारण खात्यावर पडतो. राग कुणावर काढायचा तर त्या न पाळलेल्या शब्दावर काढा, माझ्या लेकीवर नको.

सॅनहोजेचा_सदा :
ऋतूची आई, मी स्वतः हे वाक्य घरी बोललोय. माफ करा. हे ४० टक्क्यांचं मला माहीतच नव्हतं.

डॅलसवरून :
आमच्याकडे टेक्ससमध्ये पण तेच रडगाणं आहे. दर मुलामागची मूळ रक्कम २०१९ पासून ६,१६० डॉलरवर अडकून होती, मधल्या काळात महागाई कुठच्या कुठे गेली, आणि २०२५ ला वाढवली ती ५५ डॉलरने. बाकी पगारासाठी वगैरे वेगळे पैसे दिले म्हणतात, पण त्याच वर्षी खासगी शाळांसाठी एक बिलियनची योजनाही आणली. इथेही पैसे हजेरीवरच. वर आमचे सबर्ब 'श्रीमंत' म्हणून आमच्या घरपट्टीतला वाटा राज्य परत घेतं, त्याला सगळे रॉबिनहूड म्हणतात, १९९३ पासून आहे. आमच्या शेजारच्या प्लेनोने २०२४ मध्ये चार शाळा बंद करायचा निर्णय घेतला, दोन प्राथमिक, दोन मिडल. वीस वर्षांपूर्वी लोक शाळांसाठी म्हणून प्लेनोत घर घ्यायचे! ती मुलं मोठी झाली, आईबाप त्याच घरात आहेत, आणि नवी जोडपी उत्तरेला प्रॉस्पर, सेलिनाकडे जातायत जिथे शाळा बांधायला वेळ पुरत नाहीये.

एडिसनकर :
न्यू जर्सीत २०१८ च्या कायद्याने सात वर्षांत राज्याच्या मदतीची फेरवाटणी झाली, काही गावांना वाढ, काहींना दरवर्षी कपात, आणि घरपट्टी २ टक्क्यांच्या वर न्यायची तर मतदान घ्यायचं. आमच्या ओळखीच्या एका गावात स्कूल बसचे स्टॉप कमी झाले, मुलं हिवाळ्यात अंधारात चालत जातात. बाकी काय बोलू.

मीरा_फ्रॉम_मिलपिटास :
एक प्रश्न विचारू का, वाईट वाटून घेऊ नका कुणी. नाना म्हणाले पैसे हजेरीवर येतात. आम्ही दर दोन वर्षांनी डिसेंबरमध्ये पुण्याला जातो, सुट्टीला जोडून दोन आठवडे जास्त, कारण तिकिटं तेव्हाच परवडतात आणि सासऱ्यांना आता प्रवास जमत नाही. मग आमच्यामुळे शाळेचे पैसे जातात का?

निवांत_नाना :
मीरा, हो, जातात. आजारपणाची गैरहजेरीसुद्धा पैशाच्या हिशोबात गैरहजेरीच. पण आजीआजोबांना भेटायला जाऊ नका असं मी कधीच म्हणणार नाही, मीही तेच केलंय. जायच्या आधी ऑफिसात जाऊन शॉर्ट टर्म इंडिपेंडंट स्टडीचा करार मागा. त्यावर सह्या करून मुलांनी दिलेला अभ्यास पूर्ण करून परत दिला की ते दिवस हजेरीत धरता येतात. किती दिवस चालतो, किती आधी सांगायचं हे प्रत्येक डिस्ट्रिक्टचं वेगळं असतं म्हणून तिकीट काढलं की लगेच विचारा. आमच्या ऑफिसात जानेवारीत बसून आम्ही हळहळायचो, कारण निम्म्या पालकांना हा कागद असतो हेच माहीत नसायचं आणि ज्यांनी घेतला त्यातल्या काहींनी अभ्यासच परत दिला नाही.

अजून एक. शाळेत नाव घालताना घरी कोणती भाषा बोलता असा फॉर्म असतो. आपले लोक मुलाला वेगळी परीक्षा द्यावी लागेल या भीतीने तिथे इंग्रजी लिहितात. घरी मराठी बोलत असाल तर मराठी लिहा. मुलाला चांगलं इंग्रजी येत असेल तर ते परीक्षेत दिसेल, आणि मदत हवी असेल तर मदतही मिळेल आणि शाळेला त्याचे पैसेही. खरं लिहिण्यात नुकसान काही नाही.

पाटीपेन्सिल :
मी स्वतः मोठीच्या वेळी इंग्रजी लिहिलं होतं. तेव्हा शेजारणीने तसंच सांगितलं होतं.

नवाकोरा_एच१ :
आम्ही भाड्याने राहतो, व्हिसावर आहोत, मतदान करता येत नाही. आमच्या बोलण्याला कोण विचारणार म्हणून गेलो नाही, हे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर. सिटिझन नसताना तिथे बोलायला उभं राहिलं तर चालतं का?

निवांत_नाना :
चालतं. पब्लिक कमेंटला नागरिकत्व विचारतच नाहीत. ब्राउन ॲक्ट म्हणून १९५३ चा कायदा आहे, बोर्डाची बैठक सगळ्यांसाठी उघडी ठेवावी लागते आणि बोलायला वेळ द्यावा लागतो. चिठ्ठी भरायची, नाव देणंही सक्तीचं नसतं, दोन-तीन मिनिटं मिळतात. शाळेच्या साइट कौन्सिलवर (पालक आणि शिक्षकांची समिती), पालक सल्लागार समितीवर सुद्धा व्हिसावाले पालक बसू शकतात आणि मी बसलेले बघितलेत. भाडं भरता म्हणजे मालकाची घरपट्टी तुमच्याच खिशातून जाते.

मतदानाचं मात्र जपून. सॅन फ्रान्सिस्को शहरात स्कूल बोर्डच्या निवडणुकीत नागरिक नसलेल्या पालकांना मत देता येतं, पण तिथेही वकिलाला विचारल्याशिवाय नाव नोंदवू नका, आणि इतर कुठे चुकूनही नको, ग्रीन कार्डाला नडेल.

चिंचगूळ :
पण बोलून खरंच काही होतं का? ठरलेलंच असतं ना सगळं.

सिॲटलची_सई :
आमच्या इथे २०२४ ला सिॲटल पब्लिक स्कूल्सने आधी २१ पर्यंत शाळा बंद करायचा आराखडा आणला. पालक शाळाशाळांतून आले, शुक्रवारी पावसात छत्र्या घेऊन उभे राहिले, बैठकांना रांगा लागल्या. मग यादी चारवर आली आणि नोव्हेंबरमध्ये तीही मागे घेतली. तूट तशीच राहिली हे खरं आहे, पैसे काही आकाशातून पडले नाहीत. पण घाईघाईत शाळा बंद झाल्या नाहीत.

निवांत_नाना :
आणि आपल्या अंगणातली गोष्ट सांगतो. १९९१ च्या वसंतात रिचमंडच्या डिस्ट्रिक्टचे पैसे संपले आणि त्यांनी जाहीर केलं की १ मेपासून शाळा बंद, वर्ष संपायला सहा आठवडे असताना. ३१ हजारांवर मुलं. पालक कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं की डिस्ट्रिक्टने चूक केली असेल पण मुलांना त्याची शिक्षा नाही, शाळा चालू ठेवायची जबाबदारी राज्याची. राज्याला १९ मिलियनचं कर्ज द्यावं लागलं, शाळा चालू राहिल्या, राज्याची ही जबाबदारी १९९२ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने कायम केली. आज प्रत्येक डिस्ट्रिक्टला वर्षातून दोनदा, डिसेंबर आणि मार्चमध्ये, चालू आणि पुढची दोन वर्षं खर्च भागेल की नाही ते लिहून द्यावं लागतं, तो नियमच मुळी त्या प्रकरणानंतर आला. तो अहवाल तुमच्या डिस्ट्रिक्टच्या साइटवर असतो, फर्स्ट इंटरिम नावाने शोधा. त्यात 'क्वालिफाइड' असं दिसलं की समजायचं पुढे अडचण आहे. जूनमध्ये जाऊन ओरडण्यात काही हशील नाही, डिसेंबरला जा.

पाटीपेन्सिल :
अपडेट देते. काल मतदान झालं. या वेळी आपले लोक एकवीस आले, त्यात नवाकोरा आणि त्यांची बायको दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन. मीराने तिकिटाची आणि इंडिपेंडंट स्टडीच्या कागदाची गोष्ट बोर्डासमोर सांगितली आणि विचारलं की हा कागद पालकांना नोव्हेंबरमध्येच सगळ्या भाषांत का पाठवत नाही. एका बोर्ड मेंबरने तिथल्या तिथे लिहून घेतलं. माझी दोन मिनिटं मी लायब्ररीसाठी वापरली, आवाज थरथरत होता पण बोलले.

लायब्ररीचे तास निम्म्यावरून पाऊणवर आले. म्युझिकला या वर्षी हात लावणार नाहीत. काउन्सेलर गेला. पॅरांच्या यादीतल्या थोड्याच जागा वाचल्या. दुसरीच्या टीचरला पत्र गेलं. रात्री तिला ईमेल लिहिली, सकाळी उत्तर आलं, की १५ मेपर्यंत थांबते आहे, मुलांना अजून सांगू नका, शुक्रवारी फील्ड ट्रिप आहे.

लेक, तुमचं काय झालं?

गुरुजींची_लेक :
जागा राहिली पण तास कमी केले, सहाचे साडेतीन. बेनिफिट जातील त्यामुळे. तरी ऑगस्टमध्ये त्याच मुलाबरोबर असेन असं तोंडी सांगितलंय. परवा त्याने 'अजून' चं कार्ड स्वतःहून उचललं.

ऋतूची_आई :
तोंडी नको. त्याच्या आईला सांगा आयईपीमध्ये तास लिहून घ्यायला. मला मेसेज करा, मी तिला काय मागायचं ते लिहून देते.

पाटीपेन्सिल :
पुढची बैठक एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी, साडेसहाला. विषय शाळांच्या हद्दी बदलायचा आहे, म्हणजे कुणाची शाळा बदलणार ते. मी साडेपाचला निघते, गाडीत तीन जागा आहेत. मुलांना सांभाळायला माझ्या सासूबाई घरी आहेत, ज्यांना सोय नाही त्यांनी मुलं आमच्याकडे आणून सोडली तरी चालेल, खिचडी करून ठेवते.